प्रांतिक स्वायत्तता १९३७–३९: विषयांच्या याद्या, पैसा आणि कलम ९३

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानं (गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया ॲक्ट) केंद्र आणि प्रांत यांच्यात तीन याद्यांमध्ये विषय वाटले आणि प्रांतांना स्वायत्तता दिली, असं पुस्तकात एका परिच्छेदात असतं. पुढच्याच परिच्छेदात ती स्वायत्तता पोकळ होती, असंही असतं. मग उत्तरात लिहायचं काय? आणि त्याच काळात इतर संघराज्यांमध्ये काय घडत होतं?

मी अनेक वर्षं उच्च न्यायालयात कर आणि विधिमंडळाच्या अधिकारकक्षेचे खटले लढवतो, त्यामुळे या कायद्याशी माझा संबंध रोजच्या कामातला आहे. माझं मत सांगतो. दोन्ही परिच्छेद बरोबर आहेत. कायदे करण्याच्या बाबतीत १९३७ ते १९३९ या काळात प्रांतांना मिळालेला अधिकार खरा होता, आणि न्यायालयांनीही तो राखला. पैशाच्या बाबतीत तो अर्धामुर्धा होता. आणि मंत्रिमंडळ टिकणार की जाणार, या बाबतीत शेवटचा शब्द गव्हर्नरचाच होता. याद्या पाठ करून थांबणाऱ्याला यातला पहिलाच भाग दिसतो.

याद्यांचं थोडक्यात सांगतो. सातव्या परिशिष्टात संघीय यादीत ५९, प्रांतिक यादीत ५४ आणि समवर्ती यादीत ३६ विषय होते. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन, टपाल, जकात वरती. पोलीस, शेती, शिक्षण, आरोग्य, जमीन महसूल, दारू खालती. फौजदारी कायदा, विवाह, करार अशा गोष्टी दोघांकडे. एवढी बारकाईची यादी त्याआधी कुठल्याच संघराज्यानं केली नव्हती म्हटलं तरी चालेल. अमेरिकेनं आणि ऑस्ट्रेलियानं केंद्राचे अधिकार मोजून दिले आणि उरलेलं सगळं राज्यांकडे ठेवलं. आपल्याकडे उरलेल्या विषयांवरूनच घोडं अडलं. मुस्लिम नेत्यांना ते प्रांतांकडे हवे होते, हिंदू नेत्यांना केंद्राकडे. तोड निघेना, तेव्हा शेषाधिकार कलम १०४ खाली गव्हर्नर जनरलच्या मर्जीवर सोपवले गेले आणि भांडणाला शक्य तितकी कमी जागा उरावी म्हणून याद्या लांबवल्या गेल्या.

आता पैशाकडे येतो, कारण खरी गोष्ट इथं सुरू होते. १९१९ च्या सुधारणांमध्ये केंद्र आणि प्रांतांच्या उत्पन्नाच्या बाबी पहिल्यांदा वेगळ्या केल्या गेल्या. प्राप्तिकर आणि जकात केंद्राकडे गेली. जमीन महसूल, अबकारी, मुद्रांक शुल्क प्रांतांकडे आलं. अशानं केंद्राचा हिशेब तुटीत जात होता. ती तूट लॉर्ड मेस्टन यांच्या समितीनं १९२० मध्ये प्रांतांवर वाटून टाकली. १९२१-२२ या वर्षासाठी एकूण ९ कोटी ८३ लाख रुपये प्रांतांनी दिल्लीला द्यायचे ठरले. त्यात मद्रासचे ३ कोटी ४८ लाख, संयुक्त प्रांताचे २ कोटी ४० लाख, पंजाबचे १ कोटी ७५ लाख, मुंबईचे ५६ लाख.

मुंबईचा आकडा लहान दिसतो, तरी सगळ्यात कडवट तक्रार मुंबईची आणि बंगालची होती. गिरण्या मुंबईत, गिरण्यांचा नफा मुंबईत, आणि त्या नफ्यावरचा कर जवळजवळ सगळा दिल्लीला. प्रांताच्या वाट्याला आलेला जमीन महसूल तीस-तीस वर्षांच्या बंदोबस्तानं बांधलेला. तो मनात आलं म्हणून वाढत नाही. वर शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांकडे 'सोपीव' म्हणून दिलेली, आणि वित्त खातं मात्र 'राखीव', म्हणजे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातल्या सभासदाकडे. शाळा काढायची जबाबदारी एकाकडे आणि तिजोरी दुसऱ्याकडे. खात्यांची अशी वाटणी असलेली ही द्विदल राज्यपद्धती कशानं मोडली याची बरीच कारणं दिली जातात, पण माझ्या मते हे एक कारण पुरेसं होतं. प्रांतांची वर्गणी शेवटी १९२८ च्या सुमारास कायमची माफ झाली.

इथं जर्मनीकडे वळणं भाग आहे, कारण तिथं नेमकं उलटं घडलं. युद्धाआधीच्या जर्मन साम्राज्यात केंद्र घटक राज्यांच्या वर्गणीवर अवलंबून असे. हरल्यानंतर, युद्धाच्या खर्चाचा आणि भरपाईचा डोंगर अंगावर आल्यावर, अर्थमंत्री मातीआस एर्झबर्गर यांनी १९१९-२० मध्ये ही व्यवस्था उलटी केली. प्राप्तिकर केंद्राचा झाला, करवसुलीची सगळी यंत्रणा केंद्राची झाली, आणि राज्यांना वरून वाटा मिळू लागला. ११ ऑगस्ट १९१९ च्या वायमार राज्यघटनेत राज्यांची नावं राहिली, विधानमंडळं राहिली, पोलीस आणि शाळा राहिल्या. पण केंद्राचा कायदा राज्याच्या कायद्याला मोडतो, हे कलम १३ मध्ये सरळ लिहिलेलं होतं, आणि पैशाच्या नाड्याही आता बर्लिनच्या हातात होत्या. म्हणजे एकाच दशकात जर्मनीत प्रांतांच्या वर्गणीची पद्धत मोडीत निघत होती आणि हिंदुस्थानात तीच नव्यानं बसवली जात होती. दोन्हीकडे केंद्र आपली तूट भरून काढायच्या मागे होतं. राज्यांना काय झेपेल हा विचार दोन्हीकडे नंतरचा.

१९३५ च्या कायद्यानं आपल्याकडेही पैशाची दिशा बदलली. प्राप्तिकर केंद्रानंच गोळा करायचा, पण निव्वळ उत्पन्नाचा काही हिस्सा प्रांतांना द्यायचा. तो किती आणि कुणाला, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ सर ऑटो निमेयर यांनी एप्रिल १९३६ च्या अहवालात ठरवलं: निम्मा प्रांतांना, आणि त्या निम्म्यातले मुंबईला २० टक्के, बंगालला २०, मद्रास आणि संयुक्त प्रांताला १५-१५, बिहारला १०, पंजाबला ८, मध्य प्रांत-वऱ्हाडला ५, आसाम, ओरिसा आणि सिंधला प्रत्येकी २, वायव्य सरहद्द प्रांताला १. सिंध तर १ एप्रिल १९३६ ला मुंबई इलाख्यातून नुकताच वेगळा झालेला. त्याला वर्षाला १ कोटी ५ लाखांचं अनुदानही मिळालं.

मेख पुढे होती. पहिली पाच वर्षं केंद्रानं प्रांतांच्या वाट्यातली रक्कम स्वतःकडे अडवून ठेवायची मुभा होती. केंद्राचा स्वतःचा हिस्सा आणि रेल्वेकडून येणारी रक्कम मिळून १३ कोटी होत नाहीत, तोवर प्रांतांना पूर्ण वाटा नाही. प्रांताचा हक्क कायद्यात लिहिलेला, पण तो पदरात किती पडणार हे रेल्वेच्या मालवाहतुकीवर ठरणार. पुढे युद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये हे सूत्रही बदललं. प्रांताच्या अर्थमंत्र्यानं दीर्घ मुदतीची योजना आखायची ती कशाच्या भरवशावर, हा प्रश्न मुंबईच्या अण्णासाहेब लठ्ठे यांच्यापुढे रोज उभा असणार.

मग मंत्र्यांनी काय केलं? स्वतःच्या यादीतले कर शोधले. आणि इथं प्रांतांचं बळ खऱ्या अर्थानं दिसतं.

पहिला मोठा खटला आपल्या नागपूरचा. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेनं १९३८ मध्ये मोटारीचं पेट्रोल आणि वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर किमतीच्या पाच टक्के कर बसवला. दिल्लीनं हरकत घेतली. केंद्राचं म्हणणं असं की हिंदुस्थानात तयार झालेल्या मालावरचं उत्पादनशुल्क संघीय यादीच्या ४५ व्या नोंदीत आहे; माल कारखान्यातून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत कुठल्याही टप्प्यावर कर लावला तर ते उत्पादनशुल्कच. प्रांताचं म्हणणं, प्रांतिक यादीच्या ४८ व्या नोंदीत 'मालाच्या विक्रीवरील कर' असे स्पष्ट शब्द आहेत. केंद्राचा अर्थ मानला तर त्या शब्दांत उरतं काय? गव्हर्नर जनरलनं कलम २१३ खाली हा प्रश्न नव्या फेडरल कोर्टाकडे सल्ल्यासाठी पाठवला. हे कोर्ट १ ऑक्टोबर १९३७ पासून सुरू झालेलं. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सोबत सर शाह मुहम्मद सुलेमान आणि मुंबईचे मुकुंदराव जयकर. इतर प्रांतही नागपूरच्या बाजूनं उभे राहिले, कारण हरले असते तर सगळेच हरले असते.

तिघांनी वेगवेगळी मतं लिहिली, निष्कर्ष एकच: कर वैध. ग्वायर यांनी केलेली मांडणी आजही उपयोगी पडते. दोन नोंदी एकमेकींवर चढतात असं दिसलं की लगेच केंद्राला श्रेष्ठ ठरवून मोकळं व्हायचं नाही. आधी दोन्ही नोंदी सोबत वाचून दोघींनाही अर्थ राहील असा मेळ बसतो का ते पाहायचं. केंद्राचं वर्चस्व सांगणारं वाक्य अगदी शेवटी, कुठलाच मेळ बसत नसेल तेव्हाच वापरायचं. त्या हिशेबानं उत्पादनशुल्क म्हणजे उत्पादनाशी जोडलेला कर, आणि विक्रीवरचा कर प्रांताचा. या निकालामुळे प्रांतांना विक्रीकर नावाचं मोठं साधन हाती आलं. मद्रासमध्ये राजगोपालाचारींच्या सरकारनं १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर लावला. स्वातंत्र्यानंतर वस्तू व सेवा कर येईपर्यंत राज्यांच्या तिजोऱ्या प्रामुख्यानं ज्या करावर चालल्या, त्याचा पाया इथं घातला गेला.

दुसरं उदाहरण मुंबईचं. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानं १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. अबकारी हा प्रांताच्या उत्पन्नाचा मोठा आधार. तो स्वतःच्या हातानं तोडायचा म्हणजे भरपाई कुठून तरी आणायला हवी. म्हणून शहरातल्या इमारती आणि जमिनींच्या वार्षिक भाडेमूल्यावर साधारण दहा टक्के कर बसवला. मुंबईतले घरमालक खवळले. उच्च न्यायालयात सर बैरामजी जीजीभाई यांच्या खटल्यात युक्तिवाद झाला तो असा: भाड्यावर कर म्हणजे उत्पन्नावर कर, उत्पन्नावरचा कर संघीय यादीत, प्रांताला तो लावताच येत नाही. न्यायालयानं तो फेटाळला. कर इमारतीवर आहे. भाडेमूल्य ही फक्त कर किती घ्यायचा ते मोजायची पट्टी. पट्टी बदलली म्हणून कराची जात बदलत नाही. प्रांतिक यादीच्या ४२ व्या नोंदीत 'जमिनी आणि इमारती, चुली आणि खिडक्या यांच्यावरील कर' होते, तेवढं पुरेसं ठरलं. महापालिकांच्या मालमत्ताकरावर वाद झाला की हेच तत्त्व अजून आमच्या युक्तिवादात येतं.

या दोन खटल्यांकडे पाहून कुणी म्हणेल की प्रांत स्वायत्त होते. कायदेमंडळापुरतं ते खरं आहे, आणि हे श्रेय त्या न्यायाधीशांना दिलंच पाहिजे. पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसलेल्या माणसाला काय दिसत होतं तेही पाहा.

कलम ५२ खाली गव्हर्नरवर 'विशेष जबाबदाऱ्या' होत्या: शांततेला गंभीर धोका टाळणं, अल्पसंख्याकांचे हितसंबंध, सनदी नोकरांचे हक्क, संस्थानांचे हक्क आणि आणखी काही. या बाबतीत मंत्र्यांचा सल्ला तो बाजूला ठेवू शकत होता. वटहुकूम काढू शकत होता. कलम ९० खाली विधानसभेला वगळून स्वतःच्या नावानं कायदाही करू शकत होता. आयसीएस आणि वरिष्ठ पोलीस अधिकारी भारतमंत्र्यानं नेमलेले, म्हणजे मंत्र्याच्या हाताखाली काम करणारा सचिव मंत्र्याला न विचारता लंडनपर्यंत दाद मागू शकत होता. मला सगळ्यात बोलकं वाटतं ते कलम ५८. सरकार उलथवू पाहणाऱ्या हिंसक गुन्ह्यांबद्दलची गुप्त माहिती पोलिसांना कुणाकडून मिळते, त्याची कागदपत्रं ठरावीक पोलीस अधिकाऱ्यांखेरीज कुणालाही गव्हर्नरच्या आदेशाशिवाय दाखवायची नाहीत. म्हणजे मुंबईचे गृहमंत्री कन्हैयालाल मुनशी पोलीस खात्याचे प्रमुख, विधानसभेत त्या खात्याबद्दल उत्तर द्यायला बांधलेले, आणि त्याच खात्याच्या कपाटातली काही कागदपत्रं कायद्यानंच त्यांना बंद.

निवडणुका जिंकूनही काँग्रेसनं एप्रिल १९३७ मध्ये लगेच सत्ता घेतली नाही ती याचमुळे. गव्हर्नर रोजच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत असा शब्द तिला हवा होता. मुंबईत तोवर सर धनजीशाह कूपर यांचं हंगामी मंत्रिमंडळ बसलं. जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी समजुतीचं निवेदन केलं, आणि जुलैत खेर मंत्रिमंडळ आलं. कायद्याचं एक अक्षरही बदललं नव्हतं. दोन वर्षं जो कारभार चालला तो त्या समजुतीवर चालला.

आणखी एक केंद्र होतं, जे कुठल्याच परिशिष्टात सापडत नाही: काँग्रेसचं पार्लमेंटरी बोर्ड. जुलै १९३८ मध्ये नागपुरात मध्य प्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख डॉ. ना. भा. खरे यांचं महाकोशलच्या, म्हणजे प्रांताच्या हिंदीभाषक भागातल्या, मंत्र्यांशी पटेना. त्यांनी स्वतः राजीनामा दिला, बाकीच्यांनीही द्यावा म्हणाले; महाकोशलच्या तिघांनी वरिष्ठांचा आदेश नाही म्हणून नकार दिला. गव्हर्नर वायली यांनी त्या तिघांना बडतर्फ केलं आणि खऱ्यांना नवं मंत्रिमंडळ बनवू दिलं. संसदीय प्रथेप्रमाणे यात चूक काढणं कठीण आहे. पण काँग्रेसच्या कार्यकारिणीनं खऱ्यांना जाब विचारला, त्यांना पायउतार व्हावं लागलं आणि रविशंकर शुक्ल आले. विदर्भात या प्रकरणाच्या आठवणी अजून तीव्र आहेत आणि बाजू घेऊनच बोललं जातं. मी इथं इतकंच नोंदवतो की प्रांताचा प्रमुख कोण, हे विधानसभेच्या बाहेर ठरलं, आणि ते करणारे इंग्रज नव्हते.

याच प्रांतातली एक गोष्ट विषयाच्या थोडी कडेची आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. वऱ्हाड कायद्यानं निजामाच्या सार्वभौमत्वाखाली होता. १९३६ चा करार आणि कायद्याचं कलम ४७ यांनी तो मध्य प्रांताशी जोडून एकच गव्हर्नरी प्रांत मानला. निजामाला वर्षाला २५ लाख रुपये मिळत राहिले आणि त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. अमरावतीचा मतदार नागपूरच्या विधानसभेसाठी मत देत होता, त्याचे कायदे नागपुरात होत होते, आणि सार्वभौम मात्र हैदराबादेत.

आता संघाबद्दल, म्हणजे प्रांत आणि संस्थानं मिळून होणार होता त्या संघराज्याबद्दल. कायद्याचा प्रांतांविषयीचा भाग १ एप्रिल १९३७ ला अमलात आला; संघाचा भाग कधीच आला नाही. त्यासाठी नियोजित संघाच्या राज्यसभेतल्या (वरच्या सभागृहातल्या) संस्थानांच्या १०४ पैकी निदान ५२ जागांचे हक्कदार संस्थानिक आणि संस्थानी प्रजेपैकी निम्मी प्रजा सामील व्हायला हवी होती. संस्थानिक घासाघीस करत राहिले. केंद्रात १९१९ ची जुनीच व्यवस्था तात्पुरती म्हणून चालू राहिली. १९३४ मध्ये निवडलेली मध्यवर्ती विधानसभा १९४५ पर्यंत बसली. मुंबईत लोकांना जबाबदार मंत्री आणि दिल्लीत एकही नाही, अशी ही रचना.

संघ आला असता तर बरं झालं असतं का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २९ जानेवारी १९३९ ला पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत काळे स्मारक व्याख्यान दिलं, त्यात याचं उत्तर आहे आणि ते मला पूर्ण पटतं. संस्थानांची लोकसंख्या देशाच्या सुमारे पाव, पण वरच्या सभागृहात त्यांना २६० पैकी १०४ आणि खालच्या सभागृहात ३७५ पैकी १२५ जागा. आणि त्या जागांवर निवडलेले नव्हे, राजांनी नेमलेले लोक. त्यातही संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार गव्हर्नर जनरलकडे राखीव. प्रांतांमध्ये १९३७ ला मोडीत काढलेली द्विदल पद्धत केंद्रात नव्यानं बसवली जाणार होती. असा संघ स्वातंत्र्याच्या वाटेवरचा टप्पा होऊ शकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. प्रांतिक अर्थव्यवस्थेवर त्यांनी विद्यार्थिदशेतच प्रबंध लिहिला होता. या यंत्राची दाती-चाकं त्यांना माहीत होती.

११ सप्टेंबर १९३९ ला लिनलिथगो यांनी संघाची बोलणी थांबवली. त्याआधी, ३ सप्टेंबरला, कुठल्याही प्रांताच्या मंत्रिमंडळाला न विचारता हिंदुस्थान युद्धात ओढला गेला होता आणि कलम १०२ खाली आणीबाणी जाहीर झाली होती. त्यामुळे प्रांतिक यादीतल्या विषयांवरही केंद्राला कायदे करता येऊ लागले. आठ प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. आसामात दुसरं मंत्रिमंडळ बसलं, उरलेल्या सात ठिकाणी कलम ९३, म्हणजे मंत्रिमंडळाशिवाय गव्हर्नरचा थेट कारभार, आलं. मुंबईत नोव्हेंबर १९३९ मध्ये गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी सगळे अधिकार हाती घेतले आणि १९४६ पर्यंत प्रांत सल्लागारांकरवी चालला. ५४ विषयांची यादी जागच्या जागी होती. विधानसभा नव्हती.

जर्मनीतला शेवटही याच जातीचा. २० जुलै १९३२ ला चान्सलर पापेन यांनी कलम ४८ खालच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकमानं प्रशियाचं ओटो ब्राउन यांचं सरकार हटवलं. प्रशिया म्हणजे देशाची जवळपास तीन-पंचमांश लोकसंख्या. लाइपत्सिगच्या न्यायालयानं २५ ऑक्टोबरला ब्राउन यांना अर्धा न्याय दिला, पण केंद्रानं नेमलेल्या आयुक्ताच्या हातातली पोलीस यंत्रणा परत मिळाली नाही. जानेवारी १९३३ मध्ये सत्तेवर आलेल्या नाझींना तो मोकळा रस्ता आयताच मिळाला. बरोबर एका वर्षानं, ३० जानेवारी १९३४ च्या कायद्यानं राज्यांची विधानमंडळंच रद्द झाली.

परीक्षेत लिहायचं असेल तर १९५० मध्ये काय राहिलं आणि काय बदललं हेही लिहा. तीन याद्या राहिल्या. याद्यांप्रमाणे कायदे करण्याचा अधिकार वाटणाऱ्या कलम १०० चं २४६ झालं, केंद्र आणि प्रांतांचे कायदे एकमेकांविरुद्ध गेले तर काय हे सांगणाऱ्या १०७ चं २५४, कोर्टाचा सल्ला मागण्याच्या २१३ चं १४३, ९३ चं ३५६. शेषाधिकार गव्हर्नर जनरलच्या मर्जीतून निघून संसदेकडे गेले. प्राप्तिकराचा वाटा एका माणसाच्या निवाड्यावर कायमचा बांधून न ठेवता दर पाच वर्षांनी वित्त आयोगानं ठरवावा, असं कलम २८० आलं. पहिला आयोग येईपर्यंतची सोय म्हणून चिंतामणराव देशमुखांनी फाळणीनंतर मोकळे झालेले हिस्से जानेवारी १९५० मध्ये पुन्हा वाटले. त्यात मुंबईचे २० टक्के २१ झाले आणि बंगालचा पश्चिम भाग १३.५ वर आला.